गुरुजी, तुमचा नातू हात धरून नेतो, ते मागणंच आहे

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जन्मभर हजेरीपट लिहिलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो. इतक्या बारीक नोंदी माझ्याकडे थेरपीला येणाऱ्या मुलांच्या जाडजूड फायलींतही नसतात. हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते.

नातू तीन वर्षं चार महिन्यांचा. हाक मारली तर वळत नाही, पण स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फाडला की मागच्या अंगणातून धावत येतो. घरातली अहिराणी बोलत नाही, मराठीही नाही. इंग्रजी आकडे मात्र शंभरापर्यंत म्हणतो, टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणतो. सायकल उलटी करून तासन्‌तास चाक फिरवतो. लग्नात डीजे लागला तेव्हा असा किंचाळला की सूनबाई त्याला घेऊन मांडव सोडून शेतात जाऊन बसली. एक डॉक्टर म्हणाले, बापही उशिरा बोलला, वाट बघा. दुसरे म्हणाले, ऑटिझम, म्हणजे बोलणं-मिसळणं वेगळ्या तऱ्हेने होणारी मेंदूची घडण. नर्सरीने पोराला पाठवू नका असं गोड शब्दांत सुचवलं. घरच्या बायका सूनबाईच्या मोबाइलकडे बोट दाखवतात, कोणी म्हणतं घरात अहिराणी बोलणं बंद करा. आणि मोठ्या शहरातल्या एका केंद्राने मूळ पेशींच्या इंजेक्शनांचा काही लाखांचा हिशेब दिला आहे. केळीचे पैसे हातात आले की निघायचं, असं घरात ठरतंय.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिथे तारीख ठरायची वेळ आली आहे. निघू नका. मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, देऊन ऑटिझम जातो याला आधार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितलं आहे की ऑटिझममध्ये या उपचाराची शिफारस करता येत नाही, आणि तो सुचवणं किंवा त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन ठरेल. तिथे कोणी दाखवलेले 'आधीचे आणि नंतरचे' व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका. तीन वर्षांचं मूल आणि चार वर्षांचं मूल यांत फरक पडतोच, इंजेक्शन दिलं तरी आणि नाही दिलं तरी. औषध देऊन अंगातला पारा काढतो म्हणणारेही भेटतील. त्या औषधाने २००५ साली अमेरिकेत एक मूल दगावलं आहे. गहू आणि दूध बंद करायला सांगणारे तर प्रत्येक गावात आहेत. पोराला दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी. पण जे लेकरू मुळात चारच पदार्थ खातं, त्याच्या ताटातून दोन काढून घेतले तर ते नुसतं वाळतं.

केळीचे पैसे ठेवा. त्यातून वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांचा आणि हालचालींचा सराव) आणि जाण्यायेण्याचं भाडं कितीतरी दिवस निघेल.

आता पहिलं काम: कान. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणजे कान ठीक, असं घरोघरी मानलं जातं आणि इथेच चूक होते. पुड्याची खुसखुस वरच्या पट्टीतली असते, माणसाच्या हाकेचा जोर बराचसा खालच्या पट्टीत असतो. एका पट्टीचं ऐकू येतं आणि दुसऱ्या पट्टीचं पुसट, असं होऊ शकतं. शिवाय सतत सर्दी असलेल्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकणं महिन्यागणिक कमीजास्त होतं. बेरा नावाची तपासणी झोपेत होते, त्याला काही बोलावं लागत नाही. ती करून घ्या. बहुधा कान ठीक निघतील, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर तीन वर्षांचं पोर सोडायचं नसतं.

'बाप उशिरा बोलला, वाट बघा' हा सल्ला मला मान्य नाही. उशिरा बोलणारी मुलं असतातच. पण नुसता बोलायला उशीर झालेलं मूल बोलण्यावाचून अडत नाही. ते बोट दाखवतं, डोळ्यांनी खुणावतं, आईचा पदर ओढून तिच्या तोंडाकडे बघतं, आभाळात विमान दिसलं की 'बघ' म्हणून हात उंचावतं. बोट दाखवणं दोन तऱ्हेचं असतं. एक 'ते मला दे' म्हणून, आणि दुसरं नुसतं 'ते बघ' म्हणून, ज्यात मागायचं काहीच नसतं, फक्त आनंद वाटून घ्यायचा असतो. हे दुसरं बोट बहुतेक मुलांत वर्ष-सव्वा वर्षाला उगवतं. दीड वर्षाला ते नसेल तर मी थांबत नाही. तुमच्या पत्रात तीन पानं नोंदी आहेत, पण नातवाने तुम्हाला काही दाखवलं, अशी एकही नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. मात्र तपासणीला उशीर करू नका, एवढं खात्रीने सांगते. निदानाची वाट बघत कामही अडवू नका; पुढे जे लिहिते आहे ते उद्यापासून घरात करता येतं.

सरकारी कागदांवर ऑटिझमसाठी 'स्वमग्नता' हा शब्द दिसेल. मला तो कधीच आवडला नाही. वाटतं की पोर आपल्यातच रमलंय, त्याला कोणाची गरज नाही. वीसेक वर्षं जळगाव-धुळ्याकडे ही मुलं बघतेय. माणूस नको असलेलं मूल मला क्वचितच भेटलं. माणसापर्यंत पोचायची वाट सापडत नाही, एवढीच अडचण असते.

त्या वाटेबद्दलच तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेला आहात: 'पाणी पाहिजे असलं की माझं मनगट धरून माठापर्यंत नेतो, माझा हात झाकणावर ठेवतो, पण तोंडाने काही बोलत नाही.' पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

त्याला काय हवं ते ठाऊक आहे. ते कुठे आहे ते ठाऊक आहे. आणि ते माणसाकडून मिळतं, हेही ठाऊक आहे. राहिलंय एवढंच की तो तुमच्या हाताशी बोलतो, तुमच्याशी नाही. ऑटिझम असलेली बरीच मुलं माणसाचा हात पळीसारखा वापरतात, तोंडाकडे न बघता. म्हणजे पाया आहे, त्यावर एक पायरी चढवायची आहे.

माठाशी पोचलात की झाकण उघडू नका. खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल इतकं. आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, मला अजूनही वाटतात. घरची माणसं दोनपैकी एक चूक करतात: लगेच पाणी देऊन टाकतात, नाहीतर 'पाणी म्हण, म्हण पाणी, म्हटल्याशिवाय देणार नाही' असं सुरू करतात. पहिल्यात मागायची गरजच उरत नाही, दुसऱ्यात मागणं म्हणजे परीक्षा होते आणि पोर माठाकडे यायचंच बंद होतं. तुम्ही फक्त थांबा. तो तुमचा हात पुन्हा ढकलेल, कुरकुरेल, आणि कधीतरी क्षणभर वर तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी 'पानी' म्हणा आणि द्या. एकच शब्द. 'अरे माझ्या राजाला तहान लागली का, पाणी पाहिजे का बाळाला' असं नको. त्या ढिगात 'पानी' कुठे आहे, हे त्याला सापडत नाही. तो रडकुंडीला आला तर मोजणं सोडा आणि पाणी द्या. तहानलेल्या पोराला शिकवता येत नाही.

हे जमू लागलं की त्याच्या हातात रिकामा पेला द्या. पेला तुमच्या हातात दिला, म्हणजे मागितलं. मग माठाशेजारी पेल्याचा फोटो चिकटवा, त्यावर हात ठेवला तरी मागितलं. हे फोटो मोबाइलवर काढून गावातल्या स्टुडिओतून छापून आणा. घरातलाच पेला, घरातलंच ताट. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यातला गुलाबी मग त्याने कधी पाहिलेला नसतो. चित्रं दिली तर तो बोलायचा आळस करेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, माझा अनुभवही तसा नाही. मागितलेलं मिळतं हे एकदा कळलं की मुलं मागण्याची सोपी रीत शोधतात, आणि शब्द जमला तर शब्दापेक्षा सोपं काहीच नसतं.

माझ्याकडे आठवड्याला पाऊण तास मिळतो. माठ दिवसातून दहा वेळा येतो. या हिशेबात थेरपिस्ट कोण, ते तुम्हीच ठरवा.

जाहिरातींचं सांगते. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं, याला पोपटपंची म्हणून सोडून देऊ नका. भुसावळकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. खेळता खेळता मधेच 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हणायचा, अगदी स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. सगळे हसायचे, मीही हसले. महिनाभराने लक्षात आलं की तो हे फक्त कंटाळला की म्हणतो. स्टेशनवर ही घोषणा झाली की आई पिशवी उचलायची आणि दोघं निघायची. त्याच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ 'चला, निघू या' एवढाच होता. त्या दिवसापासून तो ते म्हणाला की मी 'चाल' म्हणायचे आणि दारापर्यंत जायचे. काही आठवड्यांनी घोषणा गेली, 'चाल' राहिलं. नातू कोणती जाहिरात कधी म्हणतो, त्याआधी काय घडलेलं असतं, हे लिहून ठेवा. काही वेळा ती नुसती जिभेची मौज असेल, तेही चालतं. काही वेळा ते वाक्य असेल.

अशी मुलं ऐकलेलं जसंच्या तसं परत देतात, म्हणून त्यांच्याशी त्यांच्या बाजूने बोलायचं असतं. तुम्ही रोज 'तुले पानी जोयजे का?' म्हणालात तर पाणी मागायला तो तेच म्हणेल, 'तुले पानी जोयजे का?' आणि घरचे म्हणतील, याला मी-तू कळत नाही. त्याने जे म्हणावं असं वाटतं तेच तुम्ही त्याच्या तोंडचं म्हणून म्हणा: 'माले पानी दे.'

आकड्यांबद्दल एक विनंती: पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका. त्यापेक्षा झोका बांधा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरींसाठी बांधताच, तो नंतर सोडू नका. त्याला बसवा, झोका मागे ओढून धरा आणि म्हणा, 'वन... टू...' आणि गप्प. 'थ्री' त्याने म्हटलं की सोडा. शंभर आकडे एकट्याने म्हणण्यापेक्षा हा एक 'थ्री' मोठा आहे, कारण तो तुमच्यासाठी म्हटलेला असतो.

आता अहिराणी. हा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत, जरा संकोचून विचारलाय. माझ्या मते तो सगळ्यांत आधी यायला हवा होता.

बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेली मुलं मागे पडतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट घरची भाषा काढून घेतल्यावर काय होतं, ते मी दर आठवड्याला बघते. आई मोडक्या इंग्रजीत 'वॉटर पी, कम हिअर' एवढंच बोलते. आजी चुकायला नको म्हणून पोराशी बोलतच नाही. ज्या बाईकडे गाणी होती, ओव्या होत्या, गुरांना हाका होत्या, ती गप्प बसते. भाषा कमी असलेल्या मुलाच्या भोवतालची भाषाच आपण आणखी कमी करतो. पोराला जेवायला हाक कोणत्या भाषेत येते, कानबाईच्या रात्री बायका कोणत्या भाषेत गातात, त्याचे चुलतभाऊ कोणत्या भाषेत भांडतात? त्या भाषेत त्याला आधी शिरू द्या. शाळेची मराठी मागून येईल. तुम्हाआम्हालाही मागूनच आली. आमचे गुरुजी वर्गात अहिराणी शब्द निघाला की छडी उगारायचे. तुम्हीही उगारली असेल, रागावू नका. पण ही सवय आता नातवापाशी सोडा. रावेर-यावलकडची लेवा बोली असो की सातपुड्यातली पावरी, आईबापांना मी हेच सांगते. पथ्य एकच: सुरुवातीला एका वस्तूला घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा.

मोबाइलबद्दल बोलताना मला सूनबाईबद्दल बोलायचं आहे. मोबाइलने ऑटिझम होत नाही. 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणून जे फिरतं, ते मान्यताप्राप्त निदान नाही. तासन्‌तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाशी कोणी बोलत नाही, त्याला उत्तर द्यावं लागत नाही, हे नुकसान खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास म्हटलं आहे. तेवढ्यावर आणा, हळूहळू. पण बऱ्याच घरांत मोबाइल मागून येतो. ज्या पोराला शांत करायचा दुसरा उपाय सापडत नाही, त्याची थकलेली आई शेवटी मोबाइल देते. लोक उलटं वाचतात.

आईला धरायची ही रीत जुनी आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथले मोठमोठे डॉक्टर आयांच्या थंडपणामुळे असं होतं म्हणून सांगत राहिले. ते चूक ठरलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं की यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. मग १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे लशीवर आळ आला. तो लेख त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. धाकट्या नातवंडाची लस चुकवू नका. हो, सूनबाईला पुढे दुसरं मूल झालं तर त्याच्याकडे वर्षापासूनच लक्ष ठेवा. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यात साधारण पाचात एक एवढी शक्यता असते. आणि ती मुलगी असेल तर जास्तच डोळे उघडे ठेवा. मुली गप्प बसून निभावून नेतात, आपण त्यांना 'शांत पोर' म्हणतो.

लग्नात ती मांडव सोडून शेतात गेली, हे तुम्ही ओशाळून लिहिलंय. गुरुजी, त्या मांडवात त्या वेळी सगळ्यांत शहाणी ती होती. तुम्हा-आम्हाला डीजे मोठा वाटतो. त्या पोराला तो अंगावर पडतो. काहींना कुकरची शिट्टी, मिक्सर सोसत नाही, तर काहींना नव्या सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी. उलटही असतं: मे महिन्यात ४५ अंशांत कूलरच्या जाळीला कान लावून दुपारभर बसणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांना ती घरघर हवी असते. तेव्हा हळदीला जा, मिरवणुकीला नको. मांडवात गर्दी व्हायच्या आधी त्याला नेऊन रिकामी जागा दाखवून आणा. कानांवर घालायची आवाज रोखणारी टोपणं मिळतात, पण ती घरी आठ दिवस खेळात घालून सवय करा. मांडवात पहिल्यांदा घातलीत तर तीच फेकून देईल. आणि कुठे जायचंय, तिथून कधी परत यायचंय, हे दोन फोटोंत आधी दाखवा.

हट्ट आणि हे किंचाळणं यांत फरक ओळखायला शिका. हट्ट करणारं मूल मधूनमधून डोळा उघडून तुम्ही बघताय का ते बघतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. इथे पोर कोणाकडे बघत नाही, आणि हातात काहीही दिलं तरी थांबत नाही. ते भरून वाहू लागलेलं असतं. तेव्हा बोलणं कमी करा, माणसं हटवा, उजेड-आवाज कमी करा, जवळ बसा. रागावणं, समजावणं, नजर काढणं यांतलं काहीही त्या घटकेला पोचत नाही. भगताकडे नेल्याचं तुम्ही कबूल केलंय, म्हणून सांगते: अंगारा लावलात तर लावा, पण धूर, चटके, मार यांतलं काही असेल तर उंबरठ्यावरूनच माघारी फिरा.

आता जे कोणी सांगत नाही, ते. तुमचं घर मळ्यात आहे, विहीर आहे, शेततळं केलंय असं लिहिलंत. ही मुलं न सांगता चालू लागतात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. ऑटिझम असलेली मुलं बुडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे आकडेवारीतून दिसलेलं आहे. हाक मारली तर तो वळत नाही, हरवला तर नाव सांगणार नाही. म्हणून थेरपीच्या आधी विहिरीला जाळी, तळ्याला कुंपण, फाटकाला वरच्या बाजूला कडी. मनगटात किंवा सदऱ्याच्या आत फोन नंबर. शेजारच्या मळेकऱ्यांना, पाटकऱ्याला सांगून ठेवा की हा दिसला तर हाका मारू नका, सरळ हात धरा. दिसेनासा झाला तर पहिल्यांदा पाण्याकडे धावा, घरात पलंगाखाली नंतर बघा. पाच-सहा वर्षांचा झाला की पोहायला शिकवा. आपल्याकडे भोपळा बांधून विहिरीत शिकवायची पद्धत होती. हल्ली जळगाव-धुळ्याला तलाव आहेत, तिथे शिकवणाऱ्याला आधी सगळं सांगून.

खाण्याचं थोडक्यात. दूध-पोळी आणि एकाच कंपनीचं बिस्कीट, यापलीकडे जात नसेल तर बळजबरी नको. ताटाच्या कडेला भाकरीचा तुकडा, भरिताचं बोट, नुसतं ठेवायचं. खाल्लं नाही तरी उचलून न्यायचं, न बोलता. दात, बद्धकोष्ठ आणि रक्तातलं लोह डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, ते चिडचिडीतून बाहेर पडतं. मधेच नजर थिजते, ओठ हलतात, असं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. अशा मुलांत फिट्‌सचं प्रमाण जास्त असतं. ऑटिझमवर गोळी नाही. झोप किंवा अनावर चिडचिड यांसाठी कधी औषध देतात, ते डॉक्टरांनीच.

नर्सरीचं म्हणाल तर माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. व्हॅनमधून रोज वीस किलोमीटर जाऊन इंग्रजी कविता म्हणण्यापेक्षा तुमच्या गावची अंगणवाडी मला बरी वाटते. पाच मिनिटांवर, ताई ओळखीची, भाषा घरची, आणि सुरुवातीला तुम्ही तासभर जाऊन बसू शकता. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, याचा आराखडा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला आहे, ताईंना विचारा. शाळांमध्ये आणि अंगणवाड्यांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि तिथली तपासणी फुकट असते. पुढे पहिलीत घालताना कोणी अडवलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करायचा आणि डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं. निदानासाठी भारतात बनवलेली चाळीस प्रश्नांची एक मोजणी वापरतात, त्यात तुमच्या नोंदी फार उपयोगी पडतील. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतची आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. प्रमाणपत्राने पोराच्या कपाळावर शिक्का बसेल, हे सूनबाईच्या माहेरच्यांचं म्हणणं मला कळतं. पण कागद कपाटात राहतो, लागेल तेव्हा काढता येतो.

बोलेल का? हे तुम्ही तीनदा विचारलंय. पुष्कळ मुलं बोलतात, काही चार-पाच वर्षांची झाल्यावर, काही आणखी उशिरा. साधारण चारात एक मूल मोठेपणीही फारसं बोलत नाही, ती मुलं चित्रांनी, खुणांनी, मोबाइलवर बटणं दाबून सांगतात. तुमचा नातू जाहिराती म्हणतो, म्हणजे ओठ-जीभ चालतात, आवाज लक्षात राहतात. ही बाजू चांगली. यापलीकडे कोणी छातीठोक सांगत असेल तर ते तुमच्या खिशाकडे बघून. दोघांत-तिघांत वाटून घेऊन रोज करा, सगळा भार सूनबाईवर नको. दुपारचे दोन तास तुम्ही घ्या आणि तिला झोपू द्या.

दाखवायला आणाल तेव्हा फायलीआधी एक वही आणा. आठ दिवस, रोज एक पान: त्याने काय मागितलं, कसं मागितलं, तुम्ही किती थांबलात. सोबत दोन मिनिटांचं चित्रण, घरात चाक फिरवताना. माझ्या खोलीत तो वेगळाच वागेल. एसटीने येणार असाल तर सकाळची कॉलेजच्या पोरांची गाडी टाळा, अकराची बरी. आणि बिस्किटाचा पुडा घरूनच आणा; इथल्या दुकानात तेच बिस्कीट दुसऱ्या रंगाच्या कागदात मिळतं, ते तो खाणार नाही.